मित्रांनी पाठवलेलं मराठी कधी चौकोन, कधी प्रश्नचिन्हं, कधी भलतीच चिन्हं होऊन दिसतं. मजकूर परत मिळतो का?

बहुतेक वेळा मिळतो. चौकोन दिसले तर मजकूर शाबूत असतो, फक्त तुमच्याकडे ते चिन्ह दाखवणारा फॉन्ट नसतो. नव्या इमोजींचं सर्रास असं होतं. मित्राचा फोन नवा, तुमचा जुना, मग त्याच्या हसण्याच्या जागी चौकोन! सिस्टम अपडेट केली की बहुधा सुटतं.

प्रश्नचिन्हं मात्र वाईट. मूळ अक्षरं वाटेतच गेलेली असतात, फॉन्ट बदलून ती परत येत नाहीत. पुन्हा पाठवायला सांगा.

भलती चिन्हं हा खरा रंजक प्रकार. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवण्याच्या आजच्या सर्रास पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेतं. प्रोग्रॅमने ते जुन्या लॅटिन पद्धतीने एकेक बाइट सुटा करून वाचले की एकेका चिन्हाच्या जागी तीन-तीन भलती चिन्हं उमटतात. फाईल यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा, बिघडलेल्या रूपात सेव्ह मात्र करू नका.

मजकूर नुसत्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असू शकतो. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. त्याच फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर (जुना मजकूर आजच्या युनिकोड अक्षरांत बदलणारा प्रोग्रॅम) वापरा, दुसऱ्याचा चालत नाही.

आणि मदत मागताना स्क्रीनशॉटबरोबर मूळ मजकूरही पाठवा. चित्रावरून बिघाड ओळखता येतो, पण दुरुस्ती मजकुरावरच होते.