अमेरिकेत काँग्रेसच्या लोकप्रिय सदस्याला नवखा उमेदवार हरवू शकतो का?

तुम्ही विचारलंय की तुमची भाची तिकडे हाउससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कनिष्ठ सभागृहासाठी, उभी राहायचं म्हणतेय, समोरचा सदस्य लोकप्रिय आहे, तर तिला संधी किती?

खरं सांगू? फार कमी. पुन्हा उभे राहणारे 90 टक्क्यांहून जास्त सदस्य बहुतेक वेळा परत निवडून येतात. त्यातून बरेच मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले, त्यामुळे नोव्हेंबरच्या मतदानात तिथे फारसं काही घडत नाही. जे काही व्हायचं ते आधी, पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात.

2018 मध्ये मी न्यूयॉर्क शहरात, क्वीन्समध्ये वुडसाइडला राहायचो. आमचे काँग्रेसमन जो क्राउली 1999 पासून हाउसमध्ये होते. तिथल्या डेमोक्रॅट नेत्यांत चौथा क्रमांक, वर क्वीन्समधला पक्षही त्यांच्याच मुठीत. प्रायमरीत 14 वर्षं त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. त्यांची गुळगुळीत रंगीत पत्रकं टपालात यायची आणि घरमालकीणबाई ती जिन्यातूनच रद्दीत टाकायच्या. एका शनिवारी मात्र दार वाजलं. प्रायमरीत क्राउलींविरुद्ध उभ्या राहिलेल्या नवख्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझचा प्रचार करणारा एक पोरगा. मी एच-वन व्हिसावर, मला कसलं मत! तसं सांगितल्यावर त्याने हातातल्या यादीवर बोट ठेवून घरमालकीणबाईंचं नाव वाचलं आणि विचारलं, ‘या कधी भेटतील?’ मला आमच्या गावची ग्रामपंचायत आठवली. तिथेही पोरं अशीच यादी घेऊन घरोघर फिरतात.

26 जूनला ओकासिओ-कोर्तेझ सुमारे 57 टक्के मतं घेऊन प्रायमरी जिंकल्या. आता आकडा बघा: सात लाखांच्या आसपास वस्तीच्या मतदारसंघात मतं पडली जेमतेम 30 हजार, आणि फरक चार हजारांचा. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरीत फक्त पक्षाकडे नोंदलेले मतदार चालतात. त्यात त्या वर्षी राज्यातल्या पदांसाठीची प्रायमरी वेगळी, सप्टेंबरात होती, त्यामुळे जूनमध्ये येणार कोण? ज्याने दार वाजवून बोलावलं, त्याचे लोक आले. क्राउली तर ब्राँक्समधल्या एका वादसभेला स्वतः न जाता दुसऱ्याच बाईंना पाठवून मोकळे झाले होते. लोक त्यांच्यावर चिडले होते असं मला तरी दिसलं नाही. त्यांच्यासाठी घराबाहेर पडावं असं फारसं कुणाला वाटलं नाही, एवढंच.

रिपब्लिकनांकडेही हे घडलंय. 2014 मध्ये व्हर्जिनियात हाउसमधले बहुमताचे नेते एरिक कँटर यांना डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रायमरीत पाडलं. कँटर यांच्या स्वतःच्या सर्व्हेत ते तीसहून जास्त टक्क्यांनी पुढे होते!

पण ही दोन्ही उदाहरणं लोकांच्या लक्षात राहिली ती अपवाद म्हणूनच. उलट बाजूही भाचीला सांगा. आपले बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटकडून हाउसमध्ये आहेत. 2024 ला त्यांच्याविरुद्ध ॲडम हॉलियर तयारीत होते, आधी राज्याच्या सिनेटवर राहिलेला माणूस. अर्जासोबत 1,000 वैध सह्या लागतात, तपासणीत तेवढ्या भरल्या नाहीत, आणि मतपत्रिकेवर नावच आलं नाही. ठाणेदार ती प्रायमरी जिंकले.

तेव्हा भाचीला आधी दोनच गोष्टी विचारा. तिथल्या मागच्या प्रायमरीत एकूण किती मतं पडली होती? आणि तिच्या सह्या कोण तपासतंय?