न्यूरोसर्जन पहिला टाका कुठे घालतात? आणि देहदान त्यांच्या उपयोगी पडतं का?

तुम्ही विचारलंय, मेंदूच्या डॉक्टरांचाही कधीतरी पहिला दिवस असेलच, मग त्या दिवशीचा पेशंट कोण? माझ्यापुरतं सांगतो: कोंबडीचा पंख. चेष्टा नाही. रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ सर्जन, असताना सरावाच्या लॅबला जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो विंग्ज घ्यायचो. दुकानदाराला वाटायचं, डॉक्टरांना दुसरं काही आवडतच नाही.

पंखाचं कातडं सोलून, स्नायू बाजूला सारून आतली धमनी मोकळी करायची. जेमतेम एक मिलिमीटरची. मेंदूतल्या ज्या धमन्यांना बायपास, म्हणजे अडलेल्या जागेला वळसा घालून रक्त नेणारी नवी वाट, जोडतात, त्यांतल्या बऱ्याच साधारण एवढ्याच. ती कापायची आणि 10-0 नायलॉनने परत जोडायची. हा धागा केसाच्या निम्म्याहून बारीक. ट्रेवर पडला की सापडत नाही. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा स्वतःचा हात पाहिला तेव्हा भूकंप आलाय असंच वाटलं. मनगट टेकवायचं कुठे, बसायचं कसं, हे शिकण्यातच पहिले काही आठवडे गेले.

एका जोडाला आठेक टाके. एकदा माझे आठही बाहेरून अगदी सुबक आले. सरांनी काही न बोलता धमनी उभी चिरली. आत पुढच्या भिंतीच्या टाक्यात मागची भिंत अडकलेली, म्हणजे वाट बंद. माणसात हे झालं असतं तर? ते तिथे झालं नाही, एवढ्यासाठीच लॅब असते. पंखांनंतर भूल दिलेला उंदीर, त्याच्यात रक्त खरंच वाहतं. कवटीच्या ड्रिलसाठी अंडं: टरफल घासून काढायचं, आतला पापुद्रा फुटता कामा नये. माझी किती फुटली, विचारू नका.

हे नवं नाही. न्यूरोसर्जन याशारगिल 1965 च्या सुमारास झुरिचहून अमेरिकेत बर्लिंग्टनला, डोनागी या न्यूरोसर्जनच्या लॅबमध्ये गेले. तिथे वर्षभराहून जास्त काळ प्राण्यांच्या बारीक धमन्या शिवल्या आणि 30 ऑक्टोबर 1967 ला झुरिचमध्ये माणसाच्या मेंदूची बायपास केली.

देहदानाचं विचारलंत, तर लॅबचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. फ्लोरिडा विद्यापीठात, गेन्सव्हिलला, न्यूरोसर्जन अल्बर्ट रोटन यांनी आयुष्यभर हेच केलं. दान केलेल्या देहाच्या मानेतल्या रक्तवाहिन्या पाण्याने धुऊन धमन्यांत लाल आणि शिरांत निळं सिलिकॉन भरायचं, मग मायक्रोस्कोपखाली एकेक थर उलगडायचा. त्यांच्याकडे शिकून गेलेले फेलो जगभर आहेत, आणि ते फोटो आम्ही आजही ऑपरेशनच्या आदल्या रात्री बघतो. मेंदूची घडी कशी उलगडते हे कोंबडी शिकवत नाही. फॉर्मालिनमध्ये मेंदू कडक होतो, म्हणून अशा कामाला ताजा किंवा मऊ राहील असा जतन केलेला देह लागतो.

वडिलांनी देहदानाचा फॉर्म भरलाय म्हणालात. नुसता फॉर्म पुरत नाही. मृत्यूनंतर घरच्यांनाच मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागाला फोन करावा लागतो, तोही लवकर. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान मात्र देह कॉलेजला देण्याआधी करता येतं, देहदानाला त्याची आडकाठी नसते. विभागाचा नंबर आत्ताच घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.