घरातले धडे: सुरुवात कशी करावी

ताई, सलाम. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलांना काय सांगायचं, असं विचारलंत. आधी वेगळा धडा तयार करायचं सोडा. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (6:7) देवाची वचनं मुलांशी घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना बोला असं आहे. म्हणजे दिवस जसा जातो तसाच.

आपल्या तासगाव भागातली द्राक्षबाग घ्या. एप्रिलची खरड छाटणी (जुन्या फांद्या आखूड कापणं) झाली की बाग अगदी ओकीबोकी दिसते. माझ्या धाकटीनं विचारलं, "बाबा, वेल मेली का?" मी म्हटलं, "ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतात का बघू." नोव्हेंबरात बारके घड लागल्यावर तिला बांधावरच योहान 15 वाचून दाखवला, जिथं येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो. फळ देणारा फाटा पिता, म्हणजे देव, का साफ करतो, हे तिला मग समजवावं लागलं नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- आठवड्यात एकच प्रसंग. हरवलेली किल्ली सापडली, तर लूक 15 मधली हरवलेल्या नाण्याची गोष्ट.
- आधी प्रश्न, मग वचन.
- चूक झाली की लगेच वचन नको. माझ्या थोरल्याच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं, तेव्हा मी तिथंच उपदेश सुरू केला. पुढं कितीतरी दिवस तो चुका लपवायचा. आधी फडकं घेऊन त्याच्याबरोबर फरशी पुसायला हवी होती.

आणि मुलांची क्षमा मागायला लाजू नका. मला हे फार उशिरा जमलं.

येशूच्या दाखल्यांचे (बोधकथांचे) खोल अर्थ सध्या राहू द्या. या रविवारी खमीर घालून पावाची कणीक मळताना मुलांना शेजारी बसवा आणि मत्तय 13:33, म्हणजे पिठातल्या खमिराचा दाखला, काढून ठेवा.