मीटरवर ९,४०० किलोमीटर, मग भाव किती?

वाहनविषयक प्रश्नोत्तरे. या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर भागातून आलेले, वापरलेल्या स्पोर्ट्स कारविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): कोल्हापुरात २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी विकायला आहे. एमएच-०९ पासिंग, एकच मालक, आठ वर्षांत फक्त ९,४०० किलोमीटर. ५२ लाख सांगतात. ‘गाडी नवीच आहे, बघायचं काय त्यात?’ असं मालकांचं म्हणणं. काय तपासावं आणि कितीला मागावी?

उत्तर: आठ वर्षांत ९,४०० म्हणजे महिन्याला शंभर किलोमीटरसुद्धा नाहीत. अशी गाडी झिजलेली नसते, पण उभी राहून सुकलेली आणि गंजलेली असू शकते. रबर, तेल, पेट्रोल, बॅटरी यांचं आयुष्य महिन्यांवर मोजतात. त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी तारखा वाचायला बसा.

सुरुवात टायरपासून. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१६ म्हणजे २०१६ सालचा ३२वा आठवडा. मीटर खरं असेल तर बहुधा कंपनीचेच मूळ टायर असायला हवेत, आणि तसे असतील तर नक्षी कितीही खोल दिसली तरी ते बदलायलाच हवेत. सहा वर्षांनंतर रबर कडक होतं, आणि ४०० हॉर्सपॉवरची मागच्या चाकांनी ओढणारी गाडी ओल्या रस्त्यावर अशा टायरांवर चालवणं धोक्याचं आहे. उलट मागचे दोन टायर २०२० किंवा २०२१ चे निघाले, तर विचारा की एवढ्याशा पळण्यात पहिले कुठे गेले? जागेवर चाकं फिरवून धूर काढण्याची हौस असेल, नाहीतर मीटर मागे घेतलेलं असेल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी भावात बोलायला जागा मिळते.

मीटरची खातरजमा एका ठिकाणी होत नाही. बऱ्याच आधुनिक गाड्यांत किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डखेरीज इतर मोड्यूलमध्येही (गाडीतल्या छोट्या संगणकांत) साठवलेला असतो. फोर्डला चालणारा पूर्ण स्कॅनर लावून ते आकडे एकमेकांशी जुळतात का पाहा. हजार-दोन हजारांत मिळणारं ब्लूटूथ यंत्र बहुधा फक्त इंजिनाचे कोड (बिघाडाच्या नोंदी) वाचतं, एबीएस आणि एअरबॅगपर्यंत पोचत नाही. त्याच स्कॅनरवर ‘रेडिनेस’ नावाचा भाग असतो. तिथे बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली-लावली आहे. मालक म्हणतील, बॅटरी परवाच बदलली. मग बिल मागा. बिल नसेल तर गाडी दोन-चार दिवस चालवून पुन्हा स्कॅन करू देण्याची अट घाला.

सर्व्हिसची बिलं किलोमीटरप्रमाणे न लावता तारखेप्रमाणे लावा. इंजिन ऑइल वर्षाला बदललेलं हवं. कारण जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, मग पाण्याची वाफ आणि न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचत जातं. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढा. आत पांढरट, साय धरल्यासारखा थर दिसला तर गाडी नुसती गॅरेजातून रस्त्यापर्यंत आणून परत लावलेली आहे. या इंजिनात सुमारे साडेसात लिटर ऑइल बसतं, हे खर्च धरताना लक्षात असू द्या. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलावं लागतं. ओल मोजणारा पेन टेस्टर ३ टक्क्यांच्या वर गेला की ते काढून टाकायचं.

आता पेट्रोल. साधारण ६० लिटरची टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर त्रास होतो. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, पुरेसं साचलं की ते पाण्यासकट तळाशी वेगळं बसतं, आणि पंप व इंजेक्टर तिथूनच खातात. शेवटची टाकी कधी भरली ते विचारा. सहा महिन्यांपेक्षा जुनं पेट्रोल असेल तर आधी काढून टाका, ट्रायल त्यानंतर.

पेंट तपासायला मायक्रॉनमध्ये जाडी दाखवणारं गेज लागतं. मूळ कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० दाखवतो, ३०० च्या पुढे दुसऱ्यांदा मारलेला रंग, आणि हजारावर गेला तर खाली पुट्टी. पण नेमकी इथे गल्लत होते. या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत. फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त गेज तिथे आकडाच दाखवत नाही आणि माणूस समजतो, सगळं ठीक आहे. दोन्ही धातू ओळखणारं गेज मागवा. बॉनेटच्या पुढच्या कडेखाली बोट फिरवा. ॲल्युमिनियमवर गंज चढून रंगाला फोड येतात, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघड्या शेडखाली ते लवकर येतात. सीटबेल्टच्या पट्ट्या मुळापर्यंत ओढून लेबलवरची तारीख वाचा. गाडी २०१७ ची आणि बेल्ट २०१९ चा असेल तर बेल्ट बदलावा लागेल असा अपघात झालेला आणि एअरबॅग उघडलेली असण्याची दाट शंका. पत्रा कितीही गुळगुळीत असो.

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय सौदा बोलू नका. खाली पाहायचं ते: पुढच्या बंपरच्या खालच्या कडेचं आणि पोटाचं खरचटणं (आपले गावोगावचे स्पीडब्रेकर!), रबरी बूट आणि बुशांना पडलेल्या भेगा, डिफरन्शियलच्या सीलमधून झिरपणारं तेल, आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. एअर फिल्टरचा डबाही उघडा, घरटं बहुतेक वेळा तिथेच असतं.

ट्रायल कोल्हापुरातल्या गर्दीत घेऊन कळणार नाही. निपाणीच्या दिशेने या, तवंदी घाट चढा आणि उतरा. ६० ते ८० च्या वेगाला थरथर जाणवली आणि वीस मिनिटांत गेली, तर टायर एका जागी उभे राहून चपटे झाले होते. गेली नाही तर रिम किंवा सस्पेन्शन. घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडलं तर डिस्क वाकली किंवा असमान गंजली. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मापून घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने चढावर दोन गिअरमध्ये झटका दिला तर गाडी तिथेच परत फिरवा.

आता भाव. ही गाडी २०१६ मध्ये भारतात ६५ लाख एक्स-शोरूमला आली, परदेशातून तयार येत होती, आणि २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. म्हणजे दिवा, काच किंवा बंपर फुटला तर सामान बाहेरून मागवावं लागेल. तडा गेलेला हेडलॅम्प ‘किरकोळ’ म्हणणाऱ्या मालकांना त्याच्या नव्या जोडीचं कोटेशन दाखवा.

‘थोडं कमी करा की’ म्हटलं की दहा-वीस हजार कमी होतात आणि विषय संपतो. त्याऐवजी कागदावर यादी करा: चार टायर दीड लाख, बॅटरी वीस हजार, सगळी तेलं आणि टाकी साफसफाई साठ हजार. हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येक ओळीला लेखी कोटेशन जोडा. बेरीज दोन लाख तीस हजार. कमी किलोमीटरचे जादा पैसे मागायला मालकांचा हक्क आहे, पण वर्षवार बिलं, स्कॅन रिपोर्ट आणि विम्याचे जुने कागद यांनी ते सिद्ध होत असतील तरच. आमच्या मते सगळं जुळलं तर ४४ ने सुरुवात करा आणि ४८ वर थांबा. बिलं नसतील तर ४२ ची गाडी आहे. आणि गाडी आवडल्याचं लिफ्टखाली उभं राहून मित्राला सांगू नका, मालकांचे कान तिथेच असतात.

प्रश्न (निपाणी): एमएच नंबरची गाडी घेऊन तशीच चालवली तर चालेल का? आमचं निम्मं गणगोत कोल्हापुरात आहे.

उत्तर: मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के, शिवाय अधिभार. ६५ लाखांच्या नव्या गाडीला तो ११ लाख ७० हजार झाला असता. वय वाढेल तसा कमी होतो. नेमका आकडा आरटीओतून काढूनच सौद्याला बसा आणि तो यादीत घाला. तेवढी रक्कम मालक कमी करणार नाहीत, पण केए-२२ किंवा केए-२३ पासिंगची तशीच गाडी तुम्हाला किती स्वस्त पडते हे त्यांना दिसेल. भरलेल्या महाराष्ट्राच्या करातला उरलेला भाग परत मागता येतो. अर्ज कोण करणार आणि पैसे कोणाचे, हे करारात आधीच लिहा. नातेवाइकाच्या नावावर गाडी ठेवून स्वतः वापरली तर क्लेमच्या वेळी विमा कंपनीपुढे मालक म्हणून तुम्ही कोणीच नसता.

प्रश्न (खानापूर): २००७ ची पोर्शे केमन एस मिळते आहे. आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग तुटण्याची) भीती खरी आहे का?

उत्तर: खरी आहे, पण या वर्षाच्या गाडीत पहिली भीती ती नव्हे. २००६ ते २००८ मधलं बेअरिंग मोठं आहे आणि आधीच्यापेक्षा कमी तुटतं. मात्र बदलायचं तर इंजिनाची केस फोडावी लागते. २००९ पासूनच्या इंजिनात ते नाहीच. ३.४ लिटरच्या या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात, त्याकडे आधी बघा. खूण म्हणजे एका बाजूने टिकटिक आणि ऑइलचा वाढता खप. प्लग काढून बोअरस्कोपने सहाही सिलिंडर पाहा, फोटो ठेवा. पोर्शेचा स्कॅनर इंजिन किती तास चाललं आणि मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं हे सांगतो. किलोमीटर भागिले तास म्हणजे सरासरी वेग. तो ताशी १२ निघाला तर गाडी ट्रॅफिकमध्ये शिजली आहे किंवा मीटर मागे घेतलं आहे, ९० निघाला तर तासांचा आकडा खरा नाही.

प्रश्न (संकेश्वर): गाडी बघायला गेलो तर मालकांनी ती आधीच सुरू करून ठेवली होती. यात काही गैर आहे का?

उत्तर: बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत येणारी खडखड आणि निळा धूर गरम इंजिनात लपतात.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): इसार किती द्यावा? मालक रोख मागतात.

उत्तर: पन्नास हजार, बँकेतून. इसारपत्रात चॅसी आणि इंजिन नंबर, ठरलेली रक्कम, मीटरचा आकडा, आणि ‘स्कॅन किंवा लिफ्टच्या तपासणीत दोष निघाल्यास इसार परत’ ही ओळ हवी. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होतो, हे मालकांच्या कानावर घाला. उरलेली रक्कम एनओसी आणि सही केलेले फॉर्म हातात आल्यावर, त्याच दिवशी. मालकांचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जातो, तुमच्या नावावर येत नाही. त्यामुळे नव्या विम्याचा हप्ता आधी विचारा, आणि सौदा झाल्यावर तुमच्या नावाचा विमा सुरू झाल्याशिवाय गाडी राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणू नका.