‘समजलं’ म्हणतात, पण येत नाही

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. नोकरी नवीनच आहे. तास संपताना ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग ‘हो’ म्हणून ओरडतो. चाचणीचे पेपर तपासायला घेतले की मात्र कपाळाला हात लावायची वेळ येते. पुन्हा शिकवायचं तर पोर्शन मागे पडतो. तुम्ही काय करता?
– एक शिक्षिका

उत्तर : ‘समजलं का?’ विचारणं मी केव्हाच सोडलं. भर वर्गात ‘नाही’ म्हणायला धाडस लागतं. शिवाय ज्याला समजलेलं नसतं, त्याला बहुतेक वेळा तेच ठाऊक नसतं. तो ‘हो’ म्हणतो तेव्हा मनापासूनच म्हणतो, बिचारा.

त्याऐवजी तास संपायच्या आधी फळ्यावर एकच प्रश्न लिहा : ०.३५ मोठा की ०.८? उत्तर आणि त्याचं कारण, दोन्ही चिठ्ठीवर मागा. काही जण ०.३५ लिहितील, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. ही चूक आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. माझा डोळा असतो तो बरोबर उत्तर देणाऱ्यांवर. त्यांना लगेच दुसरी जोडी देते : ०.३ आणि ०.४५. आता त्यांच्यातलेच काही ०.३ मोठा ठरवतात. का रे, म्हटलं तर उत्तर तयार : ‘बाई, दशांश शतांशापेक्षा मोठा असतो ना!’ म्हणजे अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, असा नियम पोरानं स्वतःच बसवलाय. पहिल्या गणितात त्याच नियमानं त्याचं उत्तर बरोबर आलं, आणि आपण बरोबरची खूण करून मोकळ्या!

अशा मुलाला आपला नियम पुन्हा ऐकवून काही होत नाही, कारण त्याच्याजवळ त्याचा नियम आहेच. मी त्याला शंभर चौकटींचे दोन चौकोन देते. एकात ०.३ रंगव, दुसऱ्यात ०.४५. तीस चौकटी एकीकडे, पंचेचाळीस दुसरीकडे. रंगवता रंगवता पेन्सिल थबकते, मान इकडून तिकडे वळते, आणि मग खोडरबराची शोधाशोध सुरू होते. तोवर आपण तोंड उघडायचं नाही. मला अजूनही हे जड जातं.

गप्प राहण्यामागे कारण आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबत, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागत. एकदा घड्याळ लावून बघा. वर्गासमोर उभं असताना तीन सेकंद संपता संपत नाहीत.

पोर्शनचं म्हणाल तर एकाच छापाची दहा गणितं सोडवून घेण्यातला वेळ वाचवा. चांगल्या निवडलेल्या दोन जोड्या पुरतात.

आणि हो, चिठ्ठीवर नाव लिहून घ्या, गुण मात्र देऊ नका. गुण म्हटले की नजर शेजारच्या चिठ्ठीवर जाते, आणि घरी तुम्ही वाचत बसता ते शेजाऱ्याचं कारण.