प्लेटलेट्सच्या शेजारचा आकडाही वाचा

प्रश्न : लावणीला मळ्यात उतरलेल्या माझ्या मुलाला (वय २४) चार दिवस ताप आहे, अंग ठेचून काढल्यासारखं दुखतंय. रिपोर्टात हिमोग्लोबिन १४, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट्स ९२,०००, पीसीव्ही ४२. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यूची एनएस-१ निगेटिव्ह, टायफॉइडची विडाल चाचणी १:८०. हा टायफॉइड का? प्लेटलेट्स चढवाव्या लागतील?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : ९२ हजारांवर प्लेटलेट्स चढवत नाहीत. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावर तो विचार होतो. शिवाय नळीत प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या तर मशीन त्या कमी मोजतं. आकडा एकदम पडलेला दिसला तर लॅबला स्लाइडवर पाहून खात्री करायला सांगा.

लक्ष ठेवायचं ते पीसीव्हीवर, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत त्या आकड्यावर. डेंग्यूत रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं आणि रक्त दाट होतं. आज ४२ आहे, तो ५०च्या आसपास गेला आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घसरल्या, तर ताबडतोब दवाखाना. हे बहुधा ताप उतरताना घडतं, म्हणून ‘ताप गेला, सुटलो’ म्हणू नका. तेव्हाचे दोन दिवस रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये.

पांढऱ्या पेशी इतक्या कमी म्हणजे संशय डेंग्यूकडेच झुकतो. चौथ्या दिवसाची निगेटिव्ह एनएस-१ त्याला नाकारत नाही. पाचव्या दिवसानंतर डेंग्यूची आयजीएम (अँटिबॉडीची चाचणी) करा. विडाल १:८० आपल्याकडे टायफॉइड नसलेल्यांतही सापडते, तिच्यावर अँटिबायोटिक सुरू करणं चुकीचं. टायफॉइडची शंका खरीच असेल तर औषधाआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी). थंडी वाजून ताप चढला तर मलेरियाची स्लाइड पुन्हा करा.

मात्र मुलगा चिखलात उतरलाय, त्यामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) सोडून चालणार नाही. पोटऱ्या दाबल्यावर कळवळतो का? डोळे लाल आहेत, पण चिपडं नाहीत, असं आहे का? क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), बिलिरुबिन (काविळीसाठी) आणि एसजीपीटी (यकृतासाठी) आजच करून घ्या. बिलिरुबिन बरंच वाढलेलं, एसजीपीटी मात्र थोडंसंच, जोडीला क्रिएटिनिनही वर, ही लेप्टोची चाल. तसं दिसलं तर डॉक्टर लेप्टोच्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल : ५०० मिग्रॅची गोळी, दर सहा तासांनी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, दुखीचं इंजेक्शनही नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडाला मार बसतो. मीठ घातलेली पेज, शहाळं, ओआरएस सतत देत राहा. पपईच्या पानांच्या रसावर विसंबू नका, ओकाऱ्या झाल्या तर उलट पाणीच कमी होईल. पोटात जोरात दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, सहा तास लघवी नाही : यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका.

घरातले बाकीचे अजून मळ्यात जात असतील तर लेप्टो टाळायच्या डॉक्सीसायक्लिनबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा : आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ, जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. गरोदर बायका आणि लहान मुलांना परस्पर देऊ नका.