एक्स-रे रूममध्ये नव्याने आलेल्याला

बटणं आठवड्याभरात हातात बसतील. विचारायची सवय आधी लाव. बाईच्या पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे असेल तर पाळी कधी आली ते विचारायचंच, आणि सासू शेजारी उभी असेल तर तिला आधी बाहेर बसव. सासूसमोर खरं उत्तर मिळत नाही.

छातीच्या एक्स-रेला अंगात जाणाऱ्या किरणांचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं माप), पोटाच्या सीटीचा ८ ते १०. म्हणून ‘सीटीच काढूया’ म्हणणाऱ्याला कारण विचारावं. पण हायवेवर आपटून डोक्याला मार बसलेला आला, तर डोसचा हिशेब करत बसू नकोस.

सोनोग्राफी, एमआरआयला हे किरण नसतात. पुढेमागे एमआरआयवर गेलास तर लक्षात ठेव, त्याचा चुंबक रात्रीही चालूच असतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडचे बोटीवर वेल्डिंग, ग्राइंडिंग करणारे येतात. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे नीट खोदून विचार. करदोटा, ताईतही काढायला लाव. एक्स-रेलाही काढायला लावच, चांदीचा ताईत फिल्मवर अगदी मुतखड्याच्या जागी उमटतो!

टीएलडी बॅज, म्हणजे आपल्या अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला, छातीवर, लेड अ‍ॅप्रनच्या आत. अ‍ॅप्रन घडी करून ठेवू नकोस, आतलं शिसं तडकतं.